पहिले शील आणि आरशापुढचा बळी



आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की आपल्या कर्जत-खालापूर भागातील विहारांत परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. बाहेर पाऊस कोसळत असतो. दिवसभर लावणीच्या चिखलात राबलेली माणसे हातपाय धुऊन विहारात येतात, त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात आणि भिंतीला टेकून ऐकायला बसतात. पण हा वर्षावास मुळात का सुरू झाला, हे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना कोणी सांगत नाही. त्याचे कारण विनयपिटकात दिले आहे. आरंभीच्या काळी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक तक्रार करू लागले, की हे श्रमण कोवळे गवत तुडवितात, जमिनीतून वर आलेले बारीकसारीक जीव पायाखाली चिरडतात. तथागतांनी ही तक्रार क्षुल्लक मानली नाही. पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहावे, असा नियम त्यांनी संघाला घालून दिला.

राजमाचीच्या पायथ्याशी, आपल्याच कर्जत तालुक्यात, कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांहून जुनी. आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे तुम्हांला मी सांगायला नको. त्या पावसात तिथे राहिलेल्या भिक्खूंनी बाहेर पाऊल टाकले नाही ते केवळ स्वतः भिजू नये म्हणून नव्हे. पायाखालचे गांडूळ आणि गोगलगाय वाचावी म्हणूनही. आज मुंबईचे लोक तिथे धबधब्याखाली भिजायला जातात. असो.

ज्या धम्माने गांडुळाचा विचार केला, त्या धम्माच्या उपासकाने एका सशाच्या डोळ्याचा विचार करावा काय, हा आजचा विषय आहे. ससा रानातला नव्हे, प्रयोगशाळेतला. आणि त्याचा संबंध आपल्या घरातल्या आरशाशी, आरशापुढच्या डबीशी, बाटलीशी आणि ट्यूबशी आहे.

प्रथम काय घडत होते ते सांगतो. शाम्पू, केसांचा रंग, तोंडाला लावायची क्रीम, काजळ असे काही नवीन बनविले, की ते माणसाच्या डोळ्यात गेले तर काय होईल हे पाहण्यासाठी ते सशाच्या डोळ्यात घालीत. १९४४ साली अमेरिकेच्या सरकारी अन्न व औषध खात्यातील जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने ही रीत ठरवून दिली. म्हणून तिला ड्रेझ चाचणी म्हणतात. पांढऱ्या सशाची मान खोड्यात अडकवितात, म्हणजे त्याला पंजाने डोळा चोळता येऊ नये. एका डोळ्याची खालची पापणी ओढून तिच्यात तो पदार्थ घालतात, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मग एका तासाने, एका दिवसाने, दोन दिवसांनी, तीन दिवसांनी डोळा किती लाल झाला, किती सुजला, बुबुळावर फूल पडले काय, याचे गुण मांडतात. गरज वाटल्यास एकवीस दिवसांपर्यंत हे पाहत राहतात. ससाच का? तो गरीब असतो, ओरडत नाही, स्वस्तात वाढतो, आणि त्याच्या डोळ्याला माणसाइतके पाणी येत नाही, त्यामुळे घातलेला पदार्थ धुऊन जात नाही. शेवटी ससा बहुधा मारूनच टाकीत.

‘खोडा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या आजोबा-पणजोबांना तो शब्द शिकवावा लागत नव्हता.

आणखी एक शब्द सांगतो. प्रयोगशाळेच्या इंग्रजी अहवालांत, प्रयोग संपल्यावर जनावर ‘मारले’ असे लिहीत नसत. ‘सॅक्रिफाइस’ केले असे लिहीत. आजही पुष्कळ ठिकाणी लिहितात. सॅक्रिफाइस म्हणजे बळी. विज्ञानाच्या घरात यज्ञाचा शब्द कसा शिरला, हे भाषेचे पंडित सांगोत. पण बळी म्हटले, की बौद्ध माणसाचे कान टवकारले पाहिजेत. कारण आपण बळी सोडून आलेले लोक आहोत. आपल्या वाडवडिलांच्या काळी मरीआईला रेडा, म्हसोबाला बोकड, नवसाला कोंबडा, पोर आजारी पडले की आणखी एक कोंबडा, असे चालत असे. घरात खायला दाणा नसला तरी कर्ज काढून बोकड आणायचा. १९५६ नंतर देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, त्याबरोबर ही सुरीही खाली ठेवली. नव्या कुटुंबांत अजून एखादी म्हातारी हळूच विचारते, “कोंबडं नाही दिलं तर चालंल ना?” तिला हसू नये. तिची भीती जाईपर्यंत तिच्याजवळ बसावे.

दीघनिकायात कूटदंत नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. मगधातल्या खाणुमत गावी त्याने मोठा यज्ञ मांडला होता. सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे बोकड आणि सातशे मेंढे यूपाशी आणून ठेवले होते. इतके करून, यज्ञ नेमका कसा करावा हे विचारायला तो गेला कोणाकडे, तर भगवान बुद्धांकडे! तथागतांनी त्याला एका पूर्वीच्या राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगितली. त्या राजाच्या पुरोहिताने आधी सल्ला दिला की शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरीतल्या माणसाला पोटापुरते वेतन दे. राज्यातली चोरी-लूट आपोआप थांबेल. मग जो यज्ञ झाला त्यात एकही जनावर मारले गेले नाही, झाड तोडले गेले नाही, आणि दास-मजुरांना दंडाचा धाक घालून, रडवून राबविले गेले नाही. हे ऐकून कूटदंताने पस्तीसशे जनावरे सोडून दिली. त्यांना हिरवे गवत मिळो, थंड पाणी मिळो, म्हणाला.

या कथेत जनावर आणि मजूर एकाच दमात आले आहेत, हे ध्यानात घ्या. जो यूपाला बैल बांधतो तोच छडी उगारून दासाला राबवितो. तथागतांनी दोघांना एकाच वेळी सोडविले.

आता आपल्यातील जाणती माणसे जो आक्षेप घेतात त्याकडे येतो. मला तो अनेकदा ऐकायला मिळाला आहे आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, “मास्तर, ही प्राण्यांची दया आम्हांला शिकवू नका. ज्यांनी मुंग्यांना साखर घातली त्यांनीच आम्हांला पाणी दिले नाही.” खरे आहे. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तिथे पाणी प्राशन केले. त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतण्यात आल्या. म्हणजे गाईचे मूत्र पवित्र आणि माणसाची ओंजळ अपवित्र! आजही गाईच्या नावाने माणसे मारली जातात. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या जनावराचे कातडे सोलणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारले. अशा दयेची आपल्याला चीड आहे आणि ती असलीच पाहिजे.

पण ती दया नव्हेच. एका जनावराला देव करायचे आणि माणसाला जनावराच्या खाली ढकलायचे, ही जनावरांवरची माया नाही. ती उतरंड आहे. उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी लागतो. आपल्याला तिच्यातून बाहेर पडायचे आहे, की तिच्यात एक पायरी वर चढून आपल्या खाली सशाला बसवायचे आहे? बाबासाहेबांनी करुणेवर न थांबता मैत्रीचा आग्रह का धरला, ते इथे कळते. करुणा माणसांपुरती राहू शकते. मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत गेली पाहिजे, असे त्यांनी तथागतांच्या शिकवणीचे सार काढले. आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे. ती प्रतिज्ञा देणारा मनुष्य महाड विसरला होता असे कोणी म्हणेल काय?

दुसरा प्रश्न एका वृद्ध उपासिकेने विहारात सर्वांदेखत विचारला होता. “आपण मटण खातो, सुकी मच्छी खातो. मग सशाचं कशाला बोलता?” विहारात सगळे हसले; पण प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथातच आहे. त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला. तथागतांनी अहिंसा हा आंधळा नियम केला नाही. ते जीवनाचे तत्त्व म्हणून सांगितले. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. गरज असेल तर माणसाने स्वतःच्या विवेकाने ठरवावे. जिथे गरज नाही, नुसती इच्छा आहे, तिथे हिंसेला जागा नाही. ब्राह्मणी यज्ञात मारण्याची इच्छा होती, जैनांत कधीही न मारण्याचा हट्ट होता, तथागतांचा मार्ग मधला. या कसोटीवर ज्याच्या घरी आठवड्यातून एकदा मच्छी शिजते त्या गरीब कष्टकऱ्याला मी दोष देणार नाही. पण केस अधिक चमकावेत म्हणून कोणाचा डोळा जाळणे, ही कोणती गरज?

औषधाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे मी घाईने बोलणार नाही. आपल्या भागात भातखाचरात, माळावर, गवताच्या भाऱ्यात साप चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी जी लस सरकारी दवाखान्यात देतात ती घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून घेतात. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. लसीचा जोर उंदरांवर पाहतात. कातकरी वाडीतले पोर त्या लसीने वाचते, तेव्हा मी त्या घोड्याचे ऋण मानतो आणि गप्प बसतो. ही गरज आहे. तरीही ज्या वाल्देमार हाफकिन यांचे नाव त्या संस्थेला आहे, त्यांनी प्लेगची लस सशांवर पाहिल्यावर पहिली मोठी मात्रा कोणाला टोचली? स्वतःला, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत. मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. गरजेच्या कामातही आधी स्वतःचा दंड पुढे करणारा माणूस आणि सुगंधी साबणासाठी सशांचे पिंजरे भरणारा कारखानदार यांना एका तराजूत घालता येत नाही.

गरजेतही हिंसा घटवीत न्यावी, हे सम्राट अशोकाने आपल्याला शिकविले. पहिल्या शिलालेखात तो लपवाछपवी न करता सांगतो की पूर्वी माझ्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. मला हा लेख फार आवडतो. एवढा मोठा राजा, पण आज मी पूर्ण शुद्ध झालो असे तो म्हणत नाही. उरलेला आकडा दगडावर कोरतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप. सशावर पाहायचे नाही, तर मग पाहायचे कोणावर? आमच्या मुलींवर? हा प्रश्न विचारणारी आई चुकत नाही. ड्रेझची चाचणी निघाली तीही उगाच नव्हे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांना लावायचा ‘लॅश ल्यूर’ नावाचा रंग विकला जात असे. त्याने अनेक बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला. तेव्हा तो विकू नका असे सांगणारा कायदाच नव्हता. १९३८ साली तिथे कायदा झाला आणि त्यामागोमाग या चाचण्या आल्या. म्हणजे एका बाजूला आंधळी झालेली बाई आणि दुसऱ्या बाजूला आंधळा केलेला ससा, असा पेच होता. पण पेच तसाच राहिलेला नाही. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये हेन्री स्पायरा या शाळामास्तराने, होय, तोही मास्तरच होता, रेव्हलॉन या बड्या प्रसाधन कंपनीविरुद्ध वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली: सौंदर्यासाठी तुम्ही किती ससे आंधळे करता? त्याच वर्षी कंपनीला दुसरी पद्धत शोधण्यासाठी साडेसात लाख डॉलर एका विद्यापीठाला द्यावे लागले. पुढे शस्त्रक्रियेत उरलेल्या माणसाच्या कातडीतील पेशी वाढवून बशीत त्वचेचा तुकडा तयार करता येऊ लागला. त्यावर पदार्थ लावून पाहतात. कत्तलखान्यात आधीच मेलेल्या कोंबडीचा किंवा गुराचा डोळा घेऊन त्यावर पाहतात. यांतील अनेक पद्धती आज जगभर मान्य आहेत. शिवाय हजारो घटक असे आहेत की ज्यांचा गुणदोष पूर्वीच माहीत आहे; ते वापरून साबण-क्रीम बनवायला नवा ससा लागत नाही. गरज उरली नाही, तर उरते ती फक्त इच्छा.

आपल्या देशानेही हे मान्य केले. पुण्यात १९७४ पासून काम करणाऱ्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेसारख्यांनी, आणि नंतर इतरांनी, पुष्कळ वर्षे हा विषय लावून धरला. २०१३ साली भारतीय मानक ब्यूरोने प्रसाधनांच्या चाचण्यांतून प्राणी वगळले. मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी कोणत्याही प्राण्यावर चाचणी करण्यास देशात बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून परदेशात प्राण्यांवर तपासलेली प्रसाधने आणण्यासही बंदी आली. २०२० च्या नियमांतही चाचणीबंदी कायम आहे. युरोपने २०१३ साली आपल्या बाजाराची दारे अशा मालाला बंद केली. या एका बाबतीत आपला देश आशियात पुढे राहिला, याचा आनंद मानायला हरकत नाही.

मग मी हे आज कशासाठी लिहितो आहे? कायदा झाला, विषय संपला, असे काहींना वाटेल. कायद्याने चाचणी थांबते. इच्छा थांबत नाही. घर पुसण्याचे द्रावण, कपड्याची पावडर, औषधी मलम ही या बंदीत येत नाहीत. आणि खरी गोष्ट ती पुढेच आहे.

आपल्या बाजारात गोरेपणाची क्रीम आहे. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. पंचेचाळीस वर्षे तिच्या नावात ‘गोरी’ होते आणि २०२० साली जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठल्यावर ते नाव बदलले. पाच-दहा रुपयांच्या पुडीतून अशी क्रीम आदिवासी वाडीपर्यंत पोहोचते. आठवी-नववीतल्या मुली दप्तरात ती ठेवतात हे मी रोज पाहतो. ही क्रीम कशी तपासली, हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न हा, की ती हवी का वाटते?

कोणाला ती पुरत नाही, मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मलम येते. त्यात स्टिरॉइड असते. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, मलम सोडले की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती मिळतात. आणि ज्या डबीवर कोणा कारखान्याचे नावच नाही, अशा डब्यांत पारा असतो. २०२३ च्या आरंभी अकोल्याची बातमी आली होती: एकाच घरातल्या तीन स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा तिघी लावीत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. इथे प्रयोगशाळा नव्हती, गुण मांडणारा शास्त्रज्ञ नव्हता. खोड्यात मान कोणी अडकविली नव्हती. तरी चाचणी झालीच, आणि ती आपल्या लेकीबाळींवर झाली.

म्हणून म्हणतो की ससा आणि ती मुलगी यांचा प्रश्न एकच आहे. दोघांचा बळी ज्या वेदीवर जातो ती आरशाची आहे. आणि आरशात आपल्याला कोण बघायला लावतो? काळा तो हलका, गोरा तो उच्च, हे कोणी शिकविले? ‘वर्ण’ या शब्दाचा अर्थच रंग. ज्या व्यवस्थेने रंगाच्या शब्दावरून माणसाची पायरी ठरविली, ती व्यवस्था आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो. आणि तिची एक डबी घरी घेऊन आलो. तिच्यासाठी कोणा जिवाला मारणे तर सोडाच, तिच्यावर दहा रुपये खर्च करण्याचीही गरज आपल्याला असू नये. बहिणींनो, मी नटण्याच्या विरुद्ध नाही. लग्नात, १४ एप्रिलला, १४ ऑक्टोबरला पांढरी साडी नेसून, केसात गजरा माळून तुम्ही येता तेव्हा विहार शोभून दिसतो. स्वच्छ राहावे, नीटनेटके राहावे, असे बाबासाहेबांनी महाडच्या सभेत आपल्या स्त्रियांना सांगितलेच होते. पण त्यांनी कोणाला गोरे व्हायला सांगितले नाही.

जीवक सुत्तात मांसाविषयी तथागतांनी तीन कसोट्या दिल्या आहेत. हे जनावर आपल्यासाठी मारले असे भिक्खूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा त्याला तशी शंका आली असेल, तर ते मांस घेऊ नये. मला वाटते, दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या उपासकाला हीच कसोटी वापरता येईल. आता तुम्ही ऐकले आहे. डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे काय ते पाहा. नसेल तर शंका आलीच. ती घेऊ नका, मग ती ब्यूटी पार्लरवाल्या ताईने कितीही मायेने दिलेली असो. छापलेले असले, तरी ते अक्षर वाचायला आपल्याच घरातल्या शिकणाऱ्या मुलाला बसवा. एवढ्याकरिता तरी शाळा उपयोगी पडेल. आणि परदेशी माल ऑनलाइन मागविणाऱ्या, पुण्या-मुंबईत नोकरी लागलेल्या आपल्या तरुण मंडळींनीही हा नियम पाळावा.

पाताळगंगा-रसायनीच्या पट्ट्यात आपली कितीतरी मुले रसायनांच्या कारखान्यांत कंत्राटावर कामाला जातात. त्यांच्याविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. सम्यक आजीव सांगताना तथागतांनी शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार निषिद्ध मानला. पोटासाठी पाळीवर उभे राहणारा मजूर व्यापारी नव्हे. पण तिथे वाफेने डोळे चुरचुरतात, हातमोजे मिळत नाहीत, हे तो घरी सांगतो, तेव्हा त्याच्याही शरीरावर कोणी काही तपासून पाहत आहे, हे ओळखावे आणि युनियनने ते बोलावे. तो विषय वेगळा लेख मागतो.

इथे एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. आपल्या समाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात, ही चांगली गोष्ट आहे. हुंडा टाळण्यास आणि ओळख वाढण्यास त्यांचा उपयोग झाला आहे. पण त्यांचे छापील अर्ज मी पाहिले. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, नोकरी. आणि मध्येच एक रकाना: ‘वर्ण’. त्यापुढे मुलीचा बाप लिहितो, ‘गोरा’. नसेल तर ‘निमगोरा’ लिहितो. ‘सावळा’ लिहिताना त्याचा हात अडखळतो. बौद्धांच्या अर्जात वर्णाचा रकाना! तो रकाना भरण्यासाठीच ती मुलगी चार वर्षे आधीपासून डबी उघडून बसलेली असते. यंदाचा अर्ज छापखान्यात देण्यापूर्वी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी तो रकाना खोडावा, अशी माझी नम्र विनंती आहे. तेवढ्या जागेत शिक्षणासाठी आणखी एक ओळ बसेल.

जय भीम!